पांढऱ्या फुगीर ढगांना नेमकं काय म्हणावं? 'राशिमेघ' चालेल का?

नमस्कार मंडळी,

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका मराठी शाळेत मुलांबरोबर भित्तिपत्रक करतोय. विषय आहे 'आपल्याकडचं आभाळ'. सगळं जुळत आलंय, एका शब्दावर गाडी अडलीय.

परतीचा पाऊस सरून भात कापणीला आलं की आमच्याकडे सकाळी आभाळ निरभ्र असतं. ऊन चढलं की जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला, डोंगरांवर पांढरे पुंजके उठायला लागतात. वरून गोबरे, फुगलेले, पण खालून सुरीने कापल्यासारखे सपाट. एका ओळीतल्या सगळ्यांचे तळ जवळपास एकाच उंचीवर. मुलांनी हे स्वतः हेरलं आणि कारण विचारलं. तापलेल्या जमिनीवरची हवा वर चढते, ढग धरेपर्यंत दर किलोमीटरला साधारण १० अंशांनी निवत जाते, आणि तिच्यातल्या वाफेचे थेंब व्हायला लागतात त्या उंचीवर ढगाचा तळ बसतो. हे त्यांना लगेच पटलं. पुढचा प्रश्न होता, 'मग या ढगाचं नाव काय?'

इंग्रजीतलं क्युम्युलस हे नाव लूक हॉवर्ड या लंडनच्या औषधविक्रेत्याने १८०२ साली सुचवलं, मूळ लॅटिन, अर्थ ढीग किंवा रास. मराठीत त्यावरूनच 'राशिमेघ' केलेला दिसतो. कन्नड शाळेतली शेजारची मुलं 'राशी मोड' म्हणतात, मोड म्हणजे ढग. इथे हा शब्द परका नाही, कारण खळ्यावर मळणी झाली की मराठी घरात भाताची रास लागते आणि कन्नड शेतकरी मळणीलाच 'राशी' म्हणतो. तरी वर्गात 'राशिमेघ' म्हटलं की अर्ध्या पोरांच्या डोळ्यांसमोर मेष-वृषभ येतात.

मला खरी अडचण वाटते ती 'मेघ'ची. या शब्दाचा धातूच 'मिह्', म्हणजे शिंपणं, वर्षाव करणं. जलद, नीरद, पयोद हे सगळे पाणी देणारेच. मराठी कानाला मेघ म्हटलं की पाऊस ऐकू येतो. आणि कार्तिकातले हे पुंजके संध्याकाळी ऊन उतरलं की विरून जातात, अंगणातलं वाळवण उचलावं लागत नाही. त्यांना मेघ म्हणवत नाही, तो ढगच.

उलट वैशाखात हेच पुंजके दुपारपर्यंत मनोऱ्यासारखे वाढतात, काळे पडतात आणि विजांसकट वळीव आणतात. तेव्हा मेघ शोभतो. पण इंग्रजीतही तिथे नाव बदलतं, क्युम्युलोनिम्बस होतं.

तर जाणकारांनी सांगावं, 'राशिढग' किंवा 'राशीचे ढग' असं लिहिलं तर खटकेल का? संस्कृत-देशी जोड म्हणून कुणी नाक मुरडेल, पण मुलांच्या तोंडी बसणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. 'कापसाचे ढग' सगळेच म्हणतात, मात्र त्यात तो सपाट तळ येत नाही, शिवाय पिंजल्यासारख्या उंचावरच्या विरळ ढगांनाही लोक तेच म्हणतात. लेखनाचंही एक विचारायचंय. राशी एकटा असताना दीर्घ, समासात पहिला आला की ऱ्हस्व, म्हणून 'राशिमेघ' बरोबर धरतोय. पण पुढे 'ढग' आला तरी हाच नियम लावायचा ना?

निपाणी, चिकोडी, हुक्केरीकडच्या मंडळींना खास विनंती. तुमच्याकडचे जुने शेतकरी या ढगांना वेगळं काही म्हणतात का? आमच्याकडे 'आभाळ आलंय' आणि 'मळभ धरलंय' एवढंच ऐकू येतं, आणि दोन्ही झाकोळलेल्या दिवसासाठी. शब्द मिळाला तर कोणत्या गावात आणि कोणत्या हंगामात वापरतात तेही लिहा, भित्तिपत्रकावर गावाच्या नावासकट लावू.