सिंडी लॉपरला कसं विसरता?

रॅपर स्नूप डॉगला 2016 ला डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकन कुस्ती कंपनीच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे मानाच्या यादीत, घेतलं ते बरोबर की चूक यावर एवढा वाद चाललाय, पण मला विचाराल तर गाणाऱ्यांमध्ये पहिला मान गायिका सिंडी लॉपरचाच. 1984 मध्ये एमटीव्हीवर कुस्तीपटू वेंडी रिक्टरने फॅब्युलस मूलाला हरवलं तेव्हा रिक्टरच्या बाजूने रिंगजवळ लॉपर उभी होती, पुढच्या वर्षी पहिल्या रेसलमेनियाला, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूईच्या सगळ्यात मोठ्या कार्यक्रमालाही तीच, आणि कुस्ती कधी न बघणारी पोरं तिच्यामुळे टीव्हीसमोर बसली. रिक्टरला डब्ल्यूडब्ल्यूईने 2010 ला घेतलं, लॉपरला मात्र घेतलं ते रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमवाल्यांनी, 2025 ला. मग स्नूप तिच्या आधी कसा काय?

आणि मोटरहेड हा रॉक बँड! रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमच्या 2020 च्या यादीत नामांकन होतं, निवड नाही. त्यांच्या गाण्याशिवाय कुस्तीपटू ट्रिपल एचची एन्ट्री डोळ्यासमोर तरी येते का? त्यांचा गायक लेमी 2015 लाच वारला, डब्ल्यूडब्ल्यूईवाल्यांनो, आता तरी घ्या राव त्यांना.