पिकअपचं अॅव्हरेज: तुमच्याकडं कशानं वाढलं? (अनुभव धागा)

ओतूरकर
काल गाडी धुताना सीटच्या मागं अण्णांची डायरी सापडली, २०११ ची. पानंच्या पानं नुसते आकडे, किलोमीटर आणि लिटर. दर वेळी त्याच पंपावर टाकी फुल करायचे आणि तिथंच उभं राहून भागाकार. एका पानावर ११.४ ला गोल केलाय, बाजूला लिहिलंय "हवा?", पुढच्या फेरीला १२.१. अण्णा जाऊन चार वर्षं झाली, अक्षर बघून बराच वेळ तसाच बसलो. टोमॅटो घेऊन माळशेजमार्गे वाशी, जाऊन येऊन ३०० च्या आसपास पडतं. १२ नं २५ लिटर जातं, १३ पडलं तर २३, म्हणजे फेरीला २ लिटर घरात. तुम्ही काय काय करून बघितलं ते लिहा, ऐकीव नको.

घाटवाट
हवा सकाळी गाडी थंड असताना बघायची. १०० किमी पळवून आणल्यावर मापली की जास्तच दाखवते, मग आपण उगाच काढतो आणि टायर बसतं. मी दर सोमवारी बघतो.

कसाऱ्याचा
न्यूट्रलचं कुणीतरी लिहा म्हणून मीच लिहितो. आमच्याकडं निम्मे लोक घाट उतरताना न्यूट्रल मारतात डिझेल वाचतं म्हणून, मीपण मारायचो. एकदा कांदा भरून उतरताना ब्रेकचा करपट वास आला, पाय दाबला तर पेडल खाली खाली चाललेलं, कशीतरी कडेला घेतली, तासभर हात थरथरत होते. मेस्त्रीनं सांगितलं, गिअरमध्ये ठेवून पाय काढला की इंजिनला डिझेल जातच नाही, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलला मात्र आयडलचं डिझेल जळत राहतं. म्हणजे वाचत काहीच नाही, वर ब्रेक जातो. पोरांनो खरंच नका करू.

ओतूरकर
अण्णापण हेच सांगायचे, ज्या गिअरला चढते त्याच गिअरला उतरवायची. माळशेजला आपली भरलेली गाडी उतरते आणि रिकामी चढते, त्यामुळं मोह फार होतो.

दूधवाली_वहिनी
आमची गाडी दूध संकलनाची, चालवतात हे, हिशोब माझ्याकडं. दोन महिने डिझेलचं बिल वाढत होतं, रूट तोच, कॅन तेवढेच. ह्यांना वाटलं नोझल गेलं, मेस्त्रीनं मोठा आकडा सांगितला. माझ्या सासऱ्यांनी गाडी आल्या आल्या चारी चाकांच्या ड्रमजवळ हात नेऊन बघितला, तीन कोमट आणि मागचं डावं असं तापलेलं की हात धरवेना. ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटून चालत होते. साफ करून सेटिंग केलं, ११ वरून परत १३ ला आली. नोझलला हातपण लावला नाही. ज्यांचं अॅव्हरेज अचानक उतरलंय त्यांनी आधी हे बघा.

घाटवाट
वहिनी तुमच्या सासऱ्यांना नमस्कार सांगा 🙏

तासगाव_द्राक्ष
क्लचवर पाय ठेवून चालवणारा ड्रायव्हर बदलला, १ नं वाढलं. बाकी काही केलं नाही

विदर्भ_एक्सप्रेस
समृद्धीवर रिकामी गाडी सलग ८० नं आणली आणि साडेअकरा पडलं. जुन्या रस्त्यानं ५५-६० नं टॉपमध्ये येतो तेव्हा १४. वाऱ्याचा मार वेगाच्या वर्गानं वाढतो न भाऊ, आणि आपली पिकअप म्हणजे समोरून सपाट कपाट. त्यात ताडपत्री सैल असली की फुग्यासारखी फुगते. रिकामं येताना घडी करून हौद्यात दोरीनं आवळून टाकतो आता.

ओतूरकर
ताडपत्रीचं कधी लक्षातच नाही आलं, उद्यापासून करतो.

मळेकरी
टोमॅटोला काय भाव मिळाला काल? आमच्याकडं नारायणगावला क्रेट फार पडलं

ओतूरकर
@मळेकरी पडलंय खरं. मी उद्या जातोय, पोचल्यावर कळवतो.

गॅरेज_सातारा
काळा धूर मारत असेल तर डिझेल अर्धवट जळतंय. एअर फिल्टर काढून आतून बघा, ऊसतोडीच्या दिवसांत रस्त्याला एवढी धूळ असते की बदलायचे किलोमीटर पूर्ण व्हायच्या आधीच चोंदतो. टर्बोचा होस पण हातानं चाचपा, क्लिपजवळ बारीक चीर असते, तेलकट लागतं बोटाला. ओढ कमी होते, मग ड्रायव्हर रेस वाढवतो. आणि एका टाकीवरून निकाल काढू नका, तीन टाक्यांची सरासरी घ्या.

दूधवाली_वहिनी
@ओतूरकर डायरी जपून ठेवा हो. आणि तुमचे आकडे त्यातच पुढं लिहा, पानं उरली असतील तर.

ओतूरकर
वहिनी, शेवटची ११ पानं कोरी आहेत. आज पंपावर पहिली ओळ लिहिली, १२.६.