मदत हवी आहे: वास्कोतल्या डायव्हिंग ठेकेदारांची संघटना काढायची आहे, सुरुवात कुठून करावी?

नमस्कार मंडळी,

मी आणि भाऊ वास्कोत पाण्याखालच्या कामांचा लहान ठेका चालवतो. जहाजाचं बूड खरवडणं, पंख्यात अडकलेला दोर कापून काढणं, जेट्टीच्या खांबांची तपासणी, बार्जची किरकोळ दुरुस्ती अशी कामं. इथले आम्ही काही ठेकेदार मिळून संघटना काढायच्या विचारात आहोत.

वरून नळीने हवा देऊन काम करायचं तर आम्ही पाच माणसं धरतो: सुपरवायझर, पाण्यातला डायव्हर, तयारीत बसलेला स्टँडबाय डायव्हर आणि दोघांच्या नळ्या सांभाळणारे दोन टेंडर. इंटरनॅशनल मरीन कॉन्ट्रॅक्टर्स असोसिएशनने, म्हणजे इम्काने, किनाऱ्यापासून दूर समुद्रातल्या कामांसाठी हाच किमान आकडा धरला आहे. कोटेशन दिलं की पार्टीचा फोन येतो, "दुसरा दोन माणसांत करतोय, तुम्हाला पाच कशाला?"

गेल्या पावसाळ्यात एका बार्जचं काम असंच हातचं गेलं. ज्याला ते मिळालं त्याने पर्यटकांना पाण्यात नेणारी दोन मुलं पाठीला सिलिंडर लावून उतरवली. वरच्या माणसाशी बोलायला फोन नाही, कमरेला जीवदोर नाही. पावसाळ्यात झुआरीचं पाणी इतकं गढूळ असतं की काचेला टेकवलेला हातही दिसत नाही, सगळं काम चाचपडत. मुलगा खाली अडकला असता तर वर कळलं कसं असतं? दोघं सुखरूप वर आली, देवाची कृपा. पण तोच दर आता सगळे दाखवतात.

एकट्याने बोललं की तो महागडा ठरतो, म्हणून संघटना. विचारायचं आहे ते असं: किमान माणसं आणि किमान दर दोन्ही ठरवता येतील का? नोंदणी कशाखाली करावी? की सरळ इम्काचं सभासद व्हावं?

– झुआरीकाठ

जुना सुपरवायझर: मुंबई हायला बरीच वर्षं काढली, त्यावरून सांगतो. इम्का सरकारी नाही. १९९५ साली डायव्हिंग ठेकेदारांची आणि डीपी जहाजांच्या (नांगर न टाकता यंत्राने एका जागी थांबणाऱ्या) मालकांची अशा दोन संघटना एकत्र येऊन ती झाली. सभासद कंपन्या असतात, एकटा डायव्हर नाही. तिच्या नियमांना वजन आलं कारण तेल कंपन्या निविदेतच "इम्काप्रमाणे काम" असं लिहितात. तुमच्या संघटनेनेही आधी जहाजमालक, यार्ड आणि विमावाले गाठावेत. त्यांच्या वर्क ऑर्डरमध्ये एक ओळ आली, की दोन माणसांचं कोटेशन आपोआप बाद.

शिवाय इम्का सभासदांकडून अपघातांची माहिती घेऊन नावं न देता सगळ्यांना कळवते. हे तुम्ही उद्यापासून करू शकता, पैसे लागत नाहीत. बूड घासताना समुद्राचं पाणी ओढणारा पंप कोणी चालू केला, पंख्याचा शाफ्ट फिरवला, असं थोडक्यात टळलेलं प्रत्येक प्रकरण लिहून काढा. पुढच्या वेळी डायव्हर उतरण्याआधी इंजिनरूममधल्या स्विचला कुलूप आणि पाटी लागलेली असेल.

एक लक्षात घ्या, अमेरिकेतली एडीसीआय ही डायव्हिंग ठेकेदारांची संघटना उथळ कामाला तीन माणसंही चालवून घेते. बंदरातल्या कामाला कुठला आकडा लावायचा, हे तुम्हीच बसून ठरवा. माझं मत विचाराल तर गढूळ पाण्यात पाचच.

पणजीकर: दराच्या वाटेला जाऊ नका. स्पर्धा कायदा २००२, कलम ३. ठेकेदारांनी मिळून भाव बांधला तर संघटनाच अडचणीत येईल. सुरक्षेचे निकष ठरवता येतात, मात्र ते लेखी हवेत, त्यामागचं कारण दाखवता यायला हवं आणि नव्या ठेकेदाराला दार उघडं हवं. नोंदणीसाठी कंपनी कायदा २०१३ चं कलम ८ पाहा, त्यात व्यापारवृद्धीचा उद्देश चालतो. नफा मात्र सभासदांत वाटता येत नाही.

झुआरीकाठ: दोघांचेही मनापासून आभार. दराचा मुद्दा काढून टाकतो. सुपरवायझरसाहेब, टळलेल्या अपघाताची नोंद एका पानात बसेल असा नमुना करून द्याल का? मराठीत हवा, म्हणजे टेंडर पोरंही भरतील. पहिल्या बैठकीत त्याच्याच प्रती सगळ्यांना देतो.