नवा समुद्रतळ सगळीकडे लाव्हाचाच नसतो

नेहमी सांगितलं जातं की मिड-ओशन रिजवर, म्हणजे समुद्रतळ दोन्ही बाजूंना पसरत जातो त्या पाण्याखालच्या डोंगररांगेवर, लाव्हा वर येतो, थिजतो आणि झाला नवा समुद्रतळ तयार. वेगाने पसरणाऱ्या रिजना हे बरंचसं लागू पडतं, पण नैऋत्य हिंदी महासागरातली रिज वर्षाला जेमतेम १४ मिलिमीटर पसरते, तिथे मॅग्मा (जमिनीखालचा वितळलेला खडक) कमी पडतो आणि मग फॉल्टवरून, म्हणजे खडक सरकतो त्या मोठ्या भेगेवरून, खोलातला खडकच वर ओढला जातो. याच रिजजवळच्या अटलांटिस बँक या समुद्राखालच्या उंचवट्यावर १९८७ आणि १९९७ मध्ये मिळून १५०८ मीटर ड्रिल केलं, तर जवळपास सगळा गॅब्रो, म्हणजे लाव्हा नव्हे, खोलातच सावकाश थिजलेला मॅग्मा!

या गॅब्रोच्या वरच्या भागातले ताणलेले पट्टे मायक्रोस्कोपखाली खरंच बघण्यासारखे, त्यातल्या दोन मुख्य खनिजांपैकी पायरॉक्सिनचे मोठे दाणे तसेच उरलेत आणि प्लॅजिओक्लेजचे नव्याने स्फटिक झालेले बारीक दाणे त्यांना वळसा घालून गेलेत, म्हणजे खडक तिथे तुटला नाही, घट्ट असूनही कित्येकशे अंश तापमानाला लवत गेला. भेगा पडल्या त्या नंतर, थंड होताना, आणि त्यांत अँफिबोल हे आणखी एक खनिज भरलंय.