तातडीने मदत हवी आहे: २३ दिवसांवर क्रूझ आणि मुलाचा पासपोर्ट संपलाय

घाईघाई
पटकन उत्तर हवंय, प्लीज. मायामीहून पाच रात्रींची क्रूझ आहे. आज ऑनलाइन चेक-इन करायला बसले तेव्हा लक्षात आलं की मुलाचा पासपोर्ट गेल्या महिन्यातच संपलाय. त्याचं ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते कार्ड) आहे, ते चालेल का? की जन्मदाखला चालतो? मैत्रीण म्हणते लहान मुलांना काहीच लागत नाही. पैसे सगळे भरून झालेत, आता रद्द केलं तर फार थोडे परत मिळतील. मुलीचा पासपोर्ट नवा कोरा आहे, त्यामुळे तिचा प्रश्नच नाही. फक्त मुलाचं सांगा. आणि "आधीचे धागे शोधा" असं कृपया कोणी लिहू नका, शोधून दमले.

पोटमाळा
कुठला पासपोर्ट, भारतीय की अमेरिकन? मूल केवढं आहे? बोट कुठे कुठे थांबते, आणि परत मायामीलाच येते का? एवढं सांगितल्याशिवाय कोणी काही सांगितलं तर ऐकू नका.

काकडआरती
आम्ही मागच्या वर्षी नातवंडांना घेऊन सिंगापूरहून क्रूझ केली. सिंगापूरचा व्हिसा मल्टिपल एन्ट्रीच घ्या. बोट मलेशियाला जाऊन परत सिंगापूरला येते, म्हणजे तुमचा सिंगापुरात दुसऱ्यांदा प्रवेश होतो. हे एजंट सांगत नाहीत. आणि नातवाच्या पासपोर्टासाठी आईवडील दोघांच्या सहीचं ॲनेक्श्चर डी लागलं होतं.

घाईघाई
काका, मायामी. अमेरिका. सिंगापूर नाही.
पोटमाळा, मुलगा ५ वर्षांचा, जन्म इथलाच, म्हणजे अमेरिकन पासपोर्ट. नासाऊ (बहामाज) आणि कोझुमेल (मेक्सिको), मग परत मायामी.

टेक्सासकर
मग टेन्शन कसलं? याला क्लोज्ड लूप म्हणतात. अमेरिकेतल्या ज्या बंदरातून निघालात त्याच बंदरात परत आलात, तर १६ वर्षांखालच्या अमेरिकन नागरिकाला परत येताना जन्मदाखला पुरतो. त्याच्यासोबत फोटो आयडीसुद्धा लागत नाही. आम्ही गॅल्व्हस्टनहून दोनदा गेलोय, दोन्ही वेळा मुलांचे फक्त जन्मदाखले नेले. सुटकेस भरायला घ्या.

नदीकाठ
जन्मदाखला म्हणजे कोणता, ते आधी बघा! आमची फजिती सांगते. बाळाच्या पावलांचे ठसे असलेलं, वर सोनेरी रिबीन छापलेलं एक सर्टिफिकेट हॉस्पिटलने दिलं होतं. मी तेच जन्मदाखला समजून पाच वर्षं फाइलमध्ये जपलं. बंदरावरच्या काउंटरवर बाईंनी ते हातात घेतलं, तिरकं करून बघितलं, उलटं केलं, मागची कोरी बाजू बघितली आणि अगदी प्रेमाने म्हणाल्या, "हे आठवण म्हणून ठेवा." मागे रांग वाढत होती आणि पोरगं माझ्या पायाला लोंबकळत होतं. शेवटी नवऱ्याच्या फोनमध्ये खऱ्या दाखल्याचा फोटो सापडला, त्यांच्या सुपरवायझरने तो चालवून घेतला म्हणून गेलो. तुमच्याकडे राज्याचा किंवा काउंटीचा शिक्का असलेला, निबंधकाची सही असलेला दाखला आहे का? नसेल तर आजच्या आज मागवा.

भटकभवानी
जन्मदाखल्यावर जाणं म्हणजे छत्री घरी ठेवून पावसाला शिव्या देणं. नियमात बसतं, मान्य. पण कोझुमेलला मूल पडलं, हात मोडला, बोट तुम्हाला सोडून निघाली, तर घरी विमानानेच यायचं ना? विमानात जन्मदाखला चालत नाही. मग सुट्टीच्या दिवशी वकिलातीत तात्पुरता पासपोर्ट काढत बसा. पासपोर्टच करा. १०० डॉलर फी आणि अर्ज घेण्याचे ३५, बस.

टेक्सासकर
@भटकभवानी, बस? घाईचे आणखी ६० विसरलात. पाच वर्षांच्या मुलाचा हात मोडायची वाट कशाला बघायची? त्यापेक्षा पासपोर्ट कार्ड करा, १५ अधिक ३५. खिशात राहतं, समुद्रमार्गे मेक्सिको आणि कॅरिबियनला चालतं.

भटकभवानी
आणि विमानात? परदेशातून परत येताना पासपोर्ट कार्डही चालत नाही. मी काय लिहिलंय ते वाचलंत का?

टेक्सासकर
वाचलं. दोन क्रूझ, शून्य फ्रॅक्चर.

पोटमाळा
तुमच्या दोघांच्या भांडणात मूळ अडचण राहून गेली. १६ वर्षांखालच्यांचा पासपोर्ट "रिन्यू" होत नाही. दर वेळी डीएस-११ भरून नवा अर्ज, मुलाला घेऊन प्रत्यक्ष जायचं आणि आईवडील दोघांनी हजर राहायचं. त्या अर्जासोबत मूळ जन्मदाखला जमा करावा लागतो, आईवडील कोण हे त्यावरूनच ठरतं. तो नंतर टपालाने परत येतो, बरेचदा पासपोर्टापेक्षा वेगळ्या पाकिटातून. म्हणजे २३ दिवस राहिलेत, अर्ज केलात, पासपोर्ट वेळेत आला नाही, तर जन्मदाखलाही हातात नाही! म्हणून आधी दाखल्याची दुसरी प्रमाणित प्रत मागवा. ती हातात आली की पहिली अर्जाला लावा.
साधा अर्ज ४ ते ६ आठवडे घेतो, घाईचा २ ते ३, आणि त्यात टपालाचे दिवस धरलेले नसतात.
ओसीआय विसरा. तो पासपोर्ट नाही, अमेरिकन नागरिकत्वाचा पुरावा तर मुळीच नाही.

घाईघाई
धन्यवाद. काउंटीचा दाखला आहे, शिक्का आहे, आत्ता बोट फिरवून बघितलं, उठावदार आहे. दुसरी प्रतही मागवते. पण अर्जाला दोघं कसे जाणार? नवरा दुसऱ्या राज्यात प्रोजेक्टवर आहे. तो क्रूझलाही येत नाहीये. मी, माझी बहीण आणि मुलं.

पोटमाळा
हे आता सांगताय!
त्याने डीएस-३०५३, म्हणजे हजर नसलेल्या पालकाचा संमतीचा फॉर्म, भरून तिथेच नोटरीसमोर सही करायची आणि ज्या ओळखपत्रावर नोटरी केलं त्याची झेरॉक्स जोडून तुम्हाला मूळ कागद पाठवायचा. बऱ्याच बँका खातेदारांना नोटरी फुकट करून देतात. त्याच फेरीत क्रूझचं संमतिपत्रही नोटरी करून घ्या: "माझी पत्नी अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत दोन्ही मुलांना घेऊन देशाबाहेर जात आहे, माझी परवानगी आहे." सीमेवर ते मागतीलच असं नाही, पण एकटा पालक असेल तर जवळ ठेवा असं सीमाशुल्कवालेच सांगतात, आणि काही क्रूझ कंपन्यांना ते लागतंच.

सुपारी
यात अजून एक. तुमच्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव आहे का? माझ्या आहे. मुलाच्या नावात मध्ये वडिलांचं नाव, शेवटी वडिलांचं आडनाव, माझं त्यात काहीच नाही. अधिकाऱ्याने मुलालाच विचारलं, "या कोण?" आमचे चिरंजीव लाजून गप्प. तेव्हापासून लग्नाच्या दाखल्याची प्रत पर्समध्ये असते.

काकडआरती
एवढी कटकट करण्यापेक्षा लक्षद्वीपला जा. आपलाच देश, आधार कार्ड दाखवलं की झालं.

सुपारी
काका, लक्षद्वीपला भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो. नुसत्या आधारवर नाही जाता येत.

वाचनमात्र
एरवी लिहीत नाही, पण मघापासून एका वाक्याशी अडकलोय. "मुलीचा पासपोर्ट नवा कोरा आहे." मुलगी कुठली नागरिक?

घाईघाई
भारतीय. ११ वर्षांची आहे, पुण्यात जन्म. पण तिचं सगळं नीट आहे हो. पासपोर्ट पाच वर्षांसाठी मिळालाय, एच-४ च्या (नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसामुळे कुटुंबाला मिळतो तो) मुदतवाढीचं आय-७९७, म्हणजे मंजुरीचं पत्र आहे, त्यावर आय-९४, म्हणजे मुक्कामाची परवानगी, पण अजून दीड वर्षाची. मुलाचं राहिलंय, त्यावर बोलूया का?

वाचनमात्र
नाही, तिच्यावरच बोलूया. नवा कोरा पासपोर्ट म्हणजे त्यात व्हिसाचं पान नाही. व्हिसा कुठे आहे?

घाईघाई
जुन्या पासपोर्टात. दोन्ही पासपोर्ट सोबत नेले की चालतं, हे मला माहीत आहे.

वाचनमात्र
चालतं, व्हिसाची मुदत शिल्लक असेल तर. तारीख बघाल का?

घाईघाई
बघितली. दोन वर्षांपूर्वी संपलाय.
मी गेल्या वर्षी बाबांच्या आजारपणात एकटीच पुण्याला गेले होते तेव्हा माझं स्टॅम्पिंग झालं, म्हणजे पासपोर्टात नवा व्हिसा लागला. नवऱ्याचं त्याच्या आधी. तिची शाळा होती म्हणून ती आलीच नाही. पण ती इथे कायदेशीर आहे ना? आय-७९७ आहे ना?

वाचनमात्र
इथे राहायला पूर्ण कायदेशीर. आय-७९७ ने मुक्काम वाढतो, दारातून परत आत यायचं तिकीट मिळत नाही. ते काम व्हिसाचं. क्रूझ कितीही "मायामी ते मायामी" असली तरी नासाऊला गेलात की देश सोडलात, आणि परत येताना मुलीला वैध व्हिसा हवा. टेक्सासकरांनी सांगितलेली क्लोज्ड लूपची सवलत अमेरिकन नागरिकांसाठी आहे. तुमच्या मुलाला लागू, मुलीला नाही. तुम्हालाही नाही, पण तुमचा व्हिसा चालू आहे.
बहुधा बोटीवर चढूच देणार नाहीत. चढू दिलं तर ते जास्त वाईट.

टेक्सासकर
थांबा, घाबरवू नका. ऑटोमॅटिक रिव्हॅलिडेशन नावाचा प्रकार आहे. ३० दिवसांच्या आत परत आलात तर संपलेला व्हिसा आणि चालू आय-९४ वर आत घेतात. माझा व्हिसा संपलेला असताना आम्ही नायगाराच्या कॅनडाच्या बाजूला जाऊन आलोय. पुलावर दहा मिनिटं. मी स्वतः केलंय.

वाचनमात्र
बरोबर, कॅनडा होतं म्हणून. एच वर्गाला ती सवलत फक्त लागून असलेल्या देशांपुरती, म्हणजे कॅनडा आणि मेक्सिको. बेटं त्यात येतात ती एफ आणि जे वाल्यांना, म्हणजे विद्यार्थी, एक्स्चेंजवर आलेले आणि त्यांची कुटुंबं, तेही क्युबा सोडून. यांची बोट नासाऊला थांबते. बहामाज. एका बंदराने सगळं बिघडतं.

टेक्सासकर
हं. बेटांचं मला माहीत नव्हतं. मग बहिणीसोबत मुलीला घरी ठेवा.

भटकभवानी
किंवा फक्त मेक्सिकोची क्रूझ घ्या. गॅल्व्हस्टनहून कोझुमेल-प्रोग्रेसो अशा असतात.

वाचनमात्र
कागदावर बसतं, पण दोन अडचणी. मेक्सिको भारतीयांना वेगळा व्हिसा मागत नाही तो अमेरिकेचा वैध व्हिसा असेल तर, आणि नेमका तोच संपलाय. शिवाय काउंटरवरच्या माणसाला हा नियम माहीत असेलच असं नाही. तो व्हिसाची तारीख बघणार आणि बाजूला उभं करणार. क्रूझ कंपनीच्या कागदपत्र विभागाला ईमेल करा, फोन नको. जे म्हणतील ते लेखी घ्या.

घाईघाई
इथल्या इथे व्हिसा रिन्यू होत नाही का? २०२४ मध्ये काहीतरी आलं होतं ना?

पोटमाळा
तो मर्यादित प्रयोग होता, आणि फक्त एच-१बी वाल्यांसाठी, म्हणजे ज्याची नोकरी आहे त्याच्यापुरता. जोडीदार आणि मुलं त्यात नव्हती. स्टॅम्पिंगला देशाबाहेरच जावं लागेल.

नदीकाठ
घाईघाई ताई, वाईट वाटतंय. मुलीला सांगितलंत का?

काकडआरती
बोटीवर लहान मुलांसाठी लाइफ जॅकेट वेगळं मिळतं का? आमच्या वेळी नातवाला मोठंच दिलं होतं.

सुपारी
मिळतं, काका. केबिनमध्ये नसेल तर केबिनच्या माणसाला सांगायचं.

घाईघाई
पाच दिवसांनी लिहितेय. क्रूझवाल्यांचं ईमेल आलं: वैध व्हिसा नसेल तर मुलीला बोटीवर घेणार नाहीत, नियम कुठलाही दाखवा. बरेच फोन केल्यावर तारीख बदलून द्यायला तयार झाले, दंड घेऊन. मार्चची घेतली. डिसेंबरात तसंही पुण्याला जाणार होतो, तेव्हा तिचं स्टॅम्पिंग करायचं.
मुलीला जुना पासपोर्ट दाखवून समजावलं. व्हिसावर तिचा पाच वर्षांची असतानाचा फोटो आहे, दोन शेंड्या, पुढचे दोन दात नाहीत. ती म्हणाली, "ही मी नाहीच, मग हिचा व्हिसा संपला तर माझं का अडतं?" याला उत्तर नव्हतं माझ्याकडे.
मुलाचा अर्ज काल पोस्टात दिला, साधाच. घाईचे ६० डॉलर वाचले. नवऱ्याचं नोटरी केलेलं पत्र नेलं होतं, पण झेरॉक्सवर ओळखपत्राची मागची बाजू नव्हती म्हणून एक फेरी वाया गेली. पोटमाळा, हे तुम्ही सांगितलं नव्हतंत!

पोटमाळा
दोन्ही बाजू लागतात. माझं चुकलं.

टेक्सासकर
मार्चसाठी पासपोर्ट की कार्ड?

घाईघाई
पासपोर्ट. भटकभवानीला खुश होऊ दे.

भटकभवानी
झाले. आता एक करा, बंदरावर हमालाकडे सुटकेस देताना कागद त्यात ठेवू नका. बॅग थेट केबिनच्या दारात संध्याकाळी भेटते. माझ्या जावेने चौघांचे पासपोर्ट बाहेरच्या कप्प्यात ठेवून बॅग दिली होती. मग गाड्यावरच्या शेकडो काळ्या बॅगांमधून ती शोधताना दोन तास गेले.

पाऊलवाट
आमची पण सेम केस आहे, पुढच्या आठवड्यात निघतोय. चालेल का? प्लीज लवकर सांगा.

वाचनमात्र
व्हिसा कुठला, मुदत कधीपर्यंत, बोट कुठे थांबते?

पाऊलवाट
व्हिसाचं सगळं नीट आहे. फक्त बाळाचं सांगा.