चर्चा : वाढीव मोबदला थकतो तेव्हा दोष न्यायालयाचा की शासनाच्या विधि विभागाचा?

धुऱ्यावरचा :
आमच्या गावाची जवळपास निम्मी वावरे सिंचन प्रकल्पाच्या बुडिताखाली गेली. भूअर्जन अधिकाऱ्याने ठरवलेला दर मान्य नव्हता, म्हणून १८९४ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम १८ प्रमाणे प्रकरण दिवाणी न्यायालयाकडे गेले आणि न्यायालयाने दर वाढवून दिला. त्या निकालाची नक्कल पन्नीत गुंडाळून मी चार वर्षांपासून सांभाळतो आहे. पैसा मात्र आलेला नाही. पारावर विषय निघाला की एकच वाक्य ऐकू येते, "कोर्टात अडकलं आहे." माझा आक्षेप या वाक्याला आहे.

न्यायालयाने आपले काम केले. अपील करायचे की रक्कम भरायची, शासनाची बाजू कोणत्या वकिलाने मांडायची, हे विधि व न्याय विभागाच्या सल्ल्याने ठरते. नावातच 'न्याय' असल्यामुळे लोकांना तो विभाग न्यायालयाचाच एखादा भाग वाटतो. प्रत्यक्षात तो शासनाचा, म्हणजे माझ्या प्रकरणात हरलेल्या पक्षकाराचा, सल्लागार आहे. त्यातच तालुक्याच्या न्यायालयाची इमारत, लघुलेखकाचे पद, दप्तराची कपाटे यांचा खर्चही याच विभागाच्या अर्थसंकल्पातल्या मागणीतून विधिमंडळ मंजूर करते. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन संविधानाच्या अनुच्छेद २०२ प्रमाणे राज्याच्या एकत्रित निधीवर भारित आहे आणि त्यावर मतदान होत नाही. तालुक्याच्या न्यायालयाला ते कवच नाही. न्यायसंस्था कार्यकारी यंत्रणेपासून वेगळी करावी, असे अनुच्छेद ५० सांगतो, पण ज्याच्याविरुद्ध निकाल द्यायचा त्याच्याकडेच खुर्ची-टेबलाची मागणी करावी लागत असेल, तर ते वेगळेपण तालुक्यापर्यंत पोहोचले असे मला म्हणवत नाही. कनिष्ठ न्यायालयांचा खर्चही भारित करून थेट उच्च न्यायालयाच्या हाती द्यावा, असे माझे मत आहे.

निवृत्त नाझर :
भाऊ, माझी तीस वर्षे न्यायालयाच्या दप्तरात गेली, त्यामुळे असहमती नोंदवणे भाग आहे. पैसा विभागाचा असला तरी हुकूम कधी विभागाचा चालला नाही. अनुच्छेद २३५ प्रमाणे कनिष्ठ न्यायालयांवर नियंत्रण उच्च न्यायालयाचे असते. न्यायाधीशांची बदली, रजा आणि बढती तिथूनच ठरते. मंत्रालयाच्या इशाऱ्यावर निकाल फिरल्याचे एकही उदाहरण मी पाहिलेले नाही. लघुलेखकाचे पद रिकामे राहते, हे खरे. परंतु निकाल लांबण्याचे तेवढे एकच कारण सांगणे म्हणजे स्वतःला सोडून सगळ्यांना जबाबदार धरणे होय. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १७ ने एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुबी देऊ नयेत असे बजावलेले आहे. रोजनामा, म्हणजे प्रकरणात तारखेनिहाय काय घडले याची न्यायालयाची नोंद, काढून पाहावा. तुमच्या स्वतःच्या वकिलांनी मागितलेल्या पेश्याही, म्हणजे पुढच्या तारखाही, त्यात सापडतील.

दुसरे असे की निकाल हाती आला म्हणून पैसा आपोआप चालत येत नाही. शासनाविरुद्धच्या हुकूमनाम्याला त्याच संहितेच्या कलम ८२ प्रमाणे तीन महिने थांबावे लागते आणि त्यानंतर दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, टाकावी लागते. एकदा बेलिफासोबत मी स्वतः एका सरकारी कार्यालयात जप्तीला गेलो होतो. यादीत आम्ही लिहिले : साहेबांची खुर्ची एक, उजवा हात मोडका, संगणक दोन, पैकी एक बंद, छताचा पंखा तीन. बाहेर कागदावर आम्ही सह्या घेत होतो आणि आत साहेब उभ्याने फोनवर बोलत होते. पंधरा दिवसांत रक्कम न्यायालयात जमा झाली. सांगण्याचा मुद्दा असा की न्यायालयाच्या हाती साधन आहे. तुम्ही ते वापरले का?

तालुक्याचा वकील :
नाझरकाका, जप्तीची खुर्ची बातमीला शोभते. पण त्या पंधरा दिवसांच्या आधी किती वर्षे गेली, हेही सांगायला हवे होते. त्या उशिराची किंमत किती होते, ते पाहावे. जुन्या कायद्याच्या कलम २८ प्रमाणे वाढीव रकमेवर ताब्याच्या तारखेपासून पहिल्या वर्षी ९ टक्के आणि नंतर रक्कम भरेपर्यंत १५ टक्के व्याज चढते. वाढीव रक्कम ४ लाख धरली तर दहा वर्षांत पहिल्या वर्षाचे ३६ हजार आणि पुढच्या नऊ वर्षांचे ५ लाख ४० हजार, म्हणजे मुद्दलापेक्षा व्याज जास्त होते. हे व्याज फायली दाबून ठेवणाऱ्याच्या पगारातून जात नाही.

सरकारी वकिलांविषयीही थोडे बोलायला हवे. त्यांची नेमणूक १९८४ च्या महाराष्ट्र विधि अधिकारी नियमांप्रमाणे विधि विभाग करतो. आमच्याकडे कित्येकदा त्यांच्या हाती कागद पेशीच्या सकाळी पडतात, तेही अर्धे. मग ते मुदत मागतात आणि ती तहकुबी रोजनाम्यात न्यायालयाच्या नावाने कायमची राहते.

माजी अव्वल कारकून :
मी भूसंपादन शाखेत होतो, म्हणून विधि विभागाच्या बाजूने चार शब्द लिहितो. त्याच्या बाजूने लिहिणारे तसेही कमीच असतात. उच्च न्यायालयात अपिलाची मुदत ९० दिवसांची असते. नक्कल निघायची, सरकारी वकिलांचा अभिप्राय यायचा, तो जिल्हाधिकारी कार्यालयातून पुढे जायचा, प्रकल्पाच्या खात्याचे म्हणणे मागवले जायचे आणि तेव्हा कुठे फाईल विधि विभागासमोर पोहोचायची. "प्रकरण अपीलयोग्य नाही" असा स्पष्ट शेरा मी त्या फायलींवर अनेकदा वाचलेला आहे. तरीही अपिलाचा आग्रह धरला जायचा तो प्रकल्पाच्या खात्याकडून, कारण अपील प्रलंबित दाखवले की त्या वर्षीच्या तरतुदीतून रक्कम काढावी लागत नसे. विधि विभाग सल्ला देतो. तिजोरीची किल्ली त्याच्याकडे नसते. फाईल टेबलावरून टेबलावर फिरत होती ही सबब शासनालाही चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये टपाल खात्याच्या प्रकरणात बजावले. तरी उशीरमाफीचे अर्ज थांबले नाहीत, हे मी कबूल करतो.

परंतु प्रत्येक वाढीव दर न्याय्यच असतो, हे मला मान्य नाही. फाट्यावरच्या एका गुंठ्याच्या अकृषक भूखंडाचे विक्रीपत्र लावून आतल्या पाच एकर कोरडवाहू वावराचा भाव मागितल्याची प्रकरणे माझ्या हाताखालून गेली आहेत. सार्वजनिक पैशाच्या वतीने तिथे कुणीतरी उभे राहायलाच हवे आणि ते काम न्यायालयाचे नव्हे.

धुऱ्यावरचा :
साहेब, गुंठ्याच्या भावाचा मुद्दा मान्य आहे. ज्या निकालात तसे घडले, तिथे अपील अवश्य करावे, पण निदान निम्मी रक्कम न्यायालयात भरून करावे.

पांदणवाला :
आपण सगळे दिवाणी न्यायालयाविषयी बोलत आहात; शेतकऱ्याचे पहिले कोर्ट मात्र तहसील कार्यालयात भरते. शेजाऱ्याने धुऱ्यावरून बैलबंडी जाऊ दिली नाही तर जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४३ खाली रस्ता देणारा तहसीलदारच असतो, जो त्याच आठवड्यात गारपिटीचे पंचनामे आणि निवडणुकीचे कामही पाहत असतो. त्याच्यावर उच्च न्यायालयाचे अनुच्छेद २३५ चे नियंत्रण नाही. अनुच्छेद ५० ची चर्चा तिथून सुरू व्हायला हवी.

निवृत्त नाझर :
त्याच कलमात एक वर्षाच्या आत दिवाणी दावा लावून तो निर्णय रद्द करून घेण्याची सोय आहे.

पांदणवाला :
आहे ना. पण दाव्याचा निकाल लागेपर्यंत खत डोक्यावरून वाहायचे आणि कापूस दुसऱ्याच्या मेहेरबानीने बाहेर काढायचा. तहसीलदार निदान वावरात येऊन चाकोरी डोळ्यांनी पाहतो. तो स्वतंत्र असावा, एवढेच मी म्हणतो. तो नसावा, असे मी म्हणत नाही.

धुऱ्यावरचा :
नाझरकाकांच्या प्रश्नाचे उत्तर राहिले होते. दरखास्त दाखल आहे. मागच्या पेशीला सरकारी वकिलांनी नागपूर खंडपीठातल्या अपिलाचा स्टॅम्प नंबर, म्हणजे दाखल करताना मिळणारा तात्पुरता क्रमांक, दाखवून मुदत मागितली आणि ती मिळाली.

निवृत्त नाझर :
स्टॅम्प नंबर म्हणजे स्थगिती नव्हे. अपील दाखल झाले एवढ्यावरून अंमलबजावणी थांबत नाही, हे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ४१ च्या नियम ५ मध्ये लिहिलेले आहे. पुढच्या पेशीला आपल्या वकिलांना तो नियम वाचून दाखवायला सांगा आणि जप्तीचा अर्ज सोबत ठेवा.

तालुक्याचा वकील :
आणि काका, ती मुदत विधि विभागाने नव्हे, न्यायालयाने दिली, हेही मान्य करा.

निवृत्त नाझर :
मान्य आहे. द्यायला नको होती.