नकाशाशास्त्राचा ऑनलाइन कोर्स जुलैत सुरू होतोय, तोवर काय तयारी करू?

रेषा_मानेवाडा

नमस्कार मंडळी. मी नागपूरला मानेवाड्यात राहते. सिव्हिलचा डिप्लोमा झालाय, एका आर्किटेक्टकडे ऑटोकॅडवर ड्राफ्टिंग करते. बाहेरच्या राज्यातल्या एका विद्यापीठाच्या कार्टोग्राफी (नकाशाशास्त्र) आणि जीआयएस (संगणकावर नकाशे नि त्यांची माहिती हाताळणं) यांच्या ऑनलाइन पदविकेला प्रवेश घेतलाय. वर्ग संध्याकाळी सात ते नऊ. नेमकी स्वयंपाकाची वेळ, पण ते मी बघून घेईन.

माहितीपत्रकात 'संगणकाचे मूलभूत ज्ञान आवश्यक' एवढंच लिहिलंय. फोन केला तर 'मॅडम, सगळं शिकवतात' म्हणाले आणि ठेवून दिला. ऑफिसातले एक सर म्हणतात आधी पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिक, दुसरे म्हणतात महागडा क्लास लाव. लॅपटॉप ४ जीबी रॅमचा, जुन्या हार्ड डिस्कचा. त्यावर मुलीचाही अभ्यास असतो. भूगोल दहावीनंतर उघडलेला नाही. कुठून सुरू करू?

गटनंबर

रेषाताई, पायथन राहू द्या आणि क्लासचे पैसेही वाचवा. मी गावांचे गट नकाशे डिजिटाइझ करायच्या कामात आहे, ऑटोकॅडवरून आलेली पोरं रोज बघतो. त्यांचा हात तुमच्यासारखाच साफ असतो. अडतात कुठे, तर ऑटोकॅडमध्ये प्लॉटचा कोपरा शून्य-शून्यवर ठेवला तरी कोणी विचारत नाही. इथे प्रत्येक बिंदूला पृथ्वीवरची जागा लागते. कोर्स सुरू होईपर्यंत फक्त कोऑर्डिनेट सिस्टिम, म्हणजे बिंदूची जागा आकड्यांत सांगायची पद्धत, समजून घ्या, बाकी सगळं खरंच शिकवतात.

क्यूजीआयएस हे जीआयएसचं सॉफ्टवेअर फुकट आहे, ते टाका. मागे ओपनस्ट्रीटमॅप हा फुकटचा ऑनलाइन नकाशा लावा आणि अंबाझरी तलाव ट्रेस करा. नवीन लेयर करताना सिस्टिम विचारेल, मुद्दाम ईपीएसजी ४३२६ ठेवा (अक्षांश-रेखांशवाल्या सिस्टिमचा हा क्रमांक). मग तलावाभोवती बफर मारा, म्हणजे ठरावीक अंतराचा पट्टा, आकडा ५०० टाका. तुमच्या डोक्यात ५०० मीटर. पण या सिस्टिमचं एकक अंश आहे, म्हणजे तुम्ही ५०० अंश मागितले! अख्खी पृथ्वी ३६० अंशांची. स्क्रीनवर जे काही उमटेल ते बघून हसू येईल. आकड्याच्या शेजारी 'डिग्रीज' लिहिलेलं असतं, कोणी वाचतच नाही.

आता तोच लेयर ३२६४४ मध्ये एक्स्पोर्ट करा, म्हणजे यूटीएम झोन ४४ उत्तर (यूटीएममध्ये पृथ्वीचे उभे पट्टे पाडून मीटरमध्ये मोजतात), आणि पुन्हा ५०० टाका. तलावाभोवती व्यवस्थित पट्टा येईल. लेयरवर राइट क्लिक करून नुसती सिस्टिम बदलू नका बरं. त्यानं आकडे तेच राहतात, वरची पाटी तेवढी बदलते आणि तुमचा अंबाझरी कुठल्या कुठे जाऊन पडतो. हे एकदा मुद्दाम करून बघा, आयुष्यभर लक्षात राहील.

आणखी एक. यूट्यूबवर पुण्या-मुंबईचे लोक ३२६४३, म्हणजे झोन ४३, वापरून राहिले असतात, ते आपल्याला नाही. झोनची हद्द ७८ अंश रेखांशावर आहे. अमरावती अलीकडे, ४३ मध्ये. वर्धा आणि आपण पलीकडे, ४४ मध्ये. नागपूरचं काम ४३ मध्ये केलं तर सॉफ्टवेअर हूं की चूं करत नाही, पण किलोमीटरमागे पावणेदोन मीटर जास्त भरतात. ४४ मध्ये तोच फरक दहा सेंटिमीटरच्या आसपास. वावराच्या बांधावर पावणेदोन मीटर म्हणजे काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको.

बाकी किरकोळ. शेपफाइल (लेयर साठवायचा एक प्रकार) एक नसते, किमान तीन फायलींचा जुडगा असतो (एसएचपी, एसएचएक्स, डीबीएफ) आणि कोऑर्डिनेट सिस्टिम सांगणारी पीआरजे वेगळी. असाइनमेंटला एकटी एसएचपी पाठवाल तर परत येईल. त्यात कॉलमचं नाव दहा अक्षरांपुरतंच. जमेल तिथे जिओपॅकेज वापरा, त्यात सगळं एकाच फायलीत असतं. फोल्डरच्या नावात मोकळी जागा नको.

हजारीपहाड_०७

ताई, काकांचं बरोबर आहे, पण ४ जीबीवर तुम्ही रडाल. मी एमएस्सी करून राहिलो, अनुभवाचे बोल आहेत. सेंटिनेल-२ या उपग्रहाची एक इमेज झिपमध्येच जीबीच्या आसपास जाते, १३ बँड (प्रकाशाच्या वेगवेगळ्या पट्ट्यांतली चित्रं) असतात. रॅम ८ करा आणि एसएसडी टाका, नवा लॅपटॉप लागणार नाही. आधी विद्यापीठाला मेल करून विचारा की क्यूजीआयएस शिकवणार की विकतचं आर्कजीआयएस प्रो. प्रो असेल तर विंडोजच हवं, लायसन्स ते देतात का तेही विचारा. आणि तीन बटणांचा साधा माउस घ्या, टचपॅडवर डिजिटायझिंग म्हणजे शिक्षा.

निवृत्त_भूगोल

रेषा, सॉफ्टवेअरवाल्यांनी कार्टोग्राफी हा शब्द सोडूनच दिला. पदविकेत निम्मा पेपर त्यावर असेल. सर्व्हे ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावरून नागपूरचा नकाशा उतरवून घे, १:५०,००० चा. दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, आणि समोच्च रेषा वीस मीटरवर. जुन्या पद्धतीत आपलं शहर ५५ ओ/४ या शीटमध्ये येतं, नव्या शीटचा क्रमांक एफ४४ ने सुरू होतो. जुने नकाशे एव्हरेस्ट लंबगोलावर, म्हणजे पृथ्वीचा आकार मानायच्या जुन्या मापावर, आहेत. तसेच उचलून आजच्या उपग्रह चित्रावर ठेवलेस तर रस्ते शंभर मीटरहून जास्त सरकलेले दिसतील.

थीमॅटिक, म्हणजे एखादा विषय रंगांनी दाखवणाऱ्या, नकाशाचीही सवय कर. २०११च्या जनगणनेत नागपूर जिल्हा साडेशेहेचाळीस लाखांचा, गडचिरोली पावणेअकरा लाखांचा. पण क्षेत्रफळात गडचिरोली जवळपास दीडपट. नुसत्या लोकसंख्येवर रंग भरलास की मोठ्या जिल्ह्याचा ठिपका डोळ्यात भरतो आणि वाचणारा फसतो. घनता काढ, चौरस किलोमीटरला ४७० आणि ७४, मग रंग भर. असे दोन-तीन नकाशे आधी कागदावर, रंगीत पेन्सिलीने.

जाता जाता, हिंगणघाटला कधी गेलीस तर लॅम्बटनची कबर बघ. भारताची त्रिकोणमितीय मोजणी सुरू करणारा माणूस १८२३ मध्ये तिथे वारला. परीक्षेत येणार नाही, पण बघ.

रेषा_मानेवाडा

काका, सर, भाऊ, मनापासून आभार. अंबाझरी करून बघितला, ५०० अंशांचा प्रताप पाहून मुलगीही हसली. रॅमचं रविवारी सीताबर्डीत विचारते. एकच शंका. ऑफिसात लेआउटची डीएक्सएफ (ऑटोकॅडच्या ड्रॉइंगच्या फायली) खूप आहेत, सगळी शून्य-शून्यवाली. सरावाला ती वापरता येतील का?

गटनंबर

येतील की. क्यूजीआयएस नवं असेल, ३.२६ किंवा पुढचं, तर जिओरेफरन्सर (ड्रॉइंगला पृथ्वीवरची जागा देणारं साधन) व्हेक्टरला, म्हणजे रेषांच्या ड्रॉइंगलाही चालतो. लेआउटचे चार कोपरे उपग्रह चित्रावर ओळखा. कंपाउंडची भिंत, चौकातला वळणबिंदू असं पक्कं काहीतरी, झाडं नकोत. चारही बिंदू एका बाजूला घेऊ नका. ट्रान्सफॉर्मेशनच्या यादीत हेल्मर्ट हा प्रकार ठेवा, म्हणजे आकृती फिरेल, सरकेल, लहानमोठी होईल पण वाकडी होणार नाही. ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये असेल तरी तो जमवून घेतो.

फक्त क्लायंटची ड्रॉइंग घरी न्यायची तर आर्किटेक्टला आधी विचारा, आणि असाइनमेंटला जोडताना मालकाचं नाव नि खसरा क्रमांक काढून टाका.